बावन्न वजा सत्तावीस, उत्तर पस्तीस: चूक एकच दिसते, कारणं दोन

पत्र: मी जिल्हा परिषदेच्या द्विशिक्षकी शाळेत तिसरी आणि चौथी एकत्र सांभाळते. पट २३. पहिल्या सत्राच्या संकलित (सत्राअखेरच्या) चाचणीत ५२ − २७ ही वजाबाकी होती. अकरा मुलांनी उत्तर ३५ लिहिलं. मी दोन दिवस फळ्यावर पुन्हा शिकवलं. ‘समजलं का?’ विचारलं तर सगळे ‘हो’ म्हणाले. आठवड्याने तीच वजाबाकी परत दिली, तर नऊ जणांचं पुन्हा ३५. वाचनाचीही तीच गत. सहा-सात मुलं धडा खडाखडा म्हणतात, पण नवा उतारा समोर आला की अडतात. इकडे आकारिक (रोजच्या कामावरून वर्षभर चालणाऱ्या) मूल्यमापनाच्या नोंदी भरता भरता संध्याकाळ होते आणि त्या नोंदींचा मुलांना काय उपयोग, हेच कळेनासं झालंय. शिकवणं सुधारू की नोंदी पूर्ण करू?

उत्तर:

ताई, तुम्ही ते ‘३५’ लक्षात ठेवलंत, ही तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची गोष्ट. एरवी ‘अकरा मुलांची वजाबाकी चुकली’ एवढंच मागे राहतं आणि मुलांनी नेमकं काय लिहिलं होतं ते पेपरांच्या गठ्ठ्यात बांधलं जातं. तुमच्या दोन्ही प्रश्नांचं उत्तर त्या ३५ मध्येच आहे, म्हणून आधी तिथेच थांबू.

५२ मधून २७ वजा करताना मूल ३५ वर दोन वेगळ्या वाटांनी पोचतं. पहिल्या वाटेने जाणारं मूल एककाच्या घरात वर २, खाली ७ बघतं. दोनातून सात जात नाहीत, मग ते सातातून दोन काढतं आणि ५ लिहितं. दशकात पाचातून दोन गेले, ३. दुसऱ्या वाटेचं मूल दशक सुटा करतं, बारातून सात काढून ५ लिहितं, पण वरच्या पाचाचे चार झाले हे विसरतं. पाचातून दोन गेले, ३. दोघांच्या वहीत ३५ च.

ही दोन मुलं शिकण्याच्या दोन टोकांना आहेत. पहिल्याला दशक मोडता येतो हेच उमगलेलं नाही. त्याच्या लेखी ५२ म्हणजे शेजारी शेजारी ठेवलेले पाच आणि दोन. दुसऱ्याला निम्म्याहून जास्त जमलंय, फक्त दशक मोडल्याची नोंद ठेवायची राहते. फळ्यावरचा एकच धडा दोघांना दिलात, तो दुसऱ्याच्या कामी आला असेल, पहिल्याच्या डोक्यावरून गेला. अकराचे नऊ झाले, ते सुधारलेले दोघं बहुधा या दुसऱ्या वाटेचे.

दोष तुमच्या शिकवण्यात कमी आणि चाचणीतल्या आकड्यांत जास्त आहे. ५२ − २७ मध्ये एककाच्या अंकांत पाचाचा फरक आहे. सातातून दोन गेले तरी ५ आणि बारातून सात गेले तरी ५. म्हणून दोन निरनिराळ्या चुका एकाच उत्तरावर येऊन मिळतात आणि आपल्याला वाटतं, सगळ्यांचं दुखणं सारखंच. तेव्हा वजाबाकीचा प्रश्न काढताना एककाच्या दोन अंकांत पाचाचा फरक ठेवू नका. एवढं पाळलं तरी उत्तरं बोलायला लागतात.

६२ − ३८ घेऊन पाहा. बरोबर उत्तर २४. मोठ्यातून लहान काढणारं मूल ३६ लिहील. दशक मोडून नोंद विसरणारं ३४ लिहील. चिन्ह न बघता बेरीज करणारं १०० लिहील. आणि एखाद्याच्या वहीत १४ दिसलं तर घरी कोण अभ्यास घेतं ते विचारा. वजाबाकीची एक जुनी रीत आहे: वरच्या एककाला दहा द्यायचे आणि त्याची भरपाई म्हणून खालच्या दशकात हातचा एक मिळवायचा. ही रीत गणिताने अगदी बरोबर आहे, कारण दोन्ही संख्या दहाने वाढल्या तर फरक तोच राहतो. पण शाळेत वरचा दशक कमी करायला शिकवलं आणि घरी खालचा वाढवायला शिकवलं, तर मूल दोन्ही करतं: वर सहाचे पाच, खाली तीनाचे चार, उरला एक. अशा मुलाला ‘घरचं चूक आहे’ असं सांगू नका. दोन्ही रीती बरोबर आहेत, एका वेळी एकच वापरायची, आणि सध्या वर्गातली वापरू, एवढं पुरतं.

आता येत्या शनिवारी सकाळच्या शाळेत एक चिठ्ठी घ्या. कागदाचा पाव ताव पुरतो. त्यावर चार गणितं: ६८ − २५, ६२ − ३८, ४० − १७ आणि एक शाब्दिक उदाहरण. चौथीला जोडीला ४०३ − १६८. वेळ पंधरा मिनिटं. शेजारी बसणाऱ्याला ६२ − ३८ ऐवजी ७१ − ४५ द्या, म्हणजे मान वळवून उपयोग नाही. खोडरबर दप्तरात ठेवायला सांगा. चुकलं तर एक आडवी रेघ मारून खाली लिहायचं, कारण खोडलेलं उत्तरच बऱ्याचदा आपल्याला हवं असतं. आणि मुलांना आधीच स्पष्ट सांगा की याला गुण नाहीत. गुण नसले की मुलं येत नाही तिथे जागा कोरी सोडतात, आणि कोरी जागा हीसुद्धा माहिती आहे.

पहिलं गणित मुद्दाम सोपं आहे. ज्याला ६८ − २५ सुद्धा येत नाही त्याला हातच्याचं काही विचारण्यात अर्थ नाही, त्याचं काम एकक-दशकापासून सुरू होतं. ४० − १७ मध्ये शून्याची परीक्षा आहे. ३७ आलं तर सातातून शून्य काढलं. ३० आलं तर ‘शून्यातून काही जात नाही, म्हणून शून्य’ असा मुलाचा समज आहे, आणि तो फार चिवट असतो. ३३ आलं तर दशक कमी करायचा राहिला. चौथीच्या ४०३ − १६८ चं उत्तर २३५. तिथे ३६५ लिहिणारं मूल अजून मोठ्यातून लहान काढतंय. २४५ लिहिणाऱ्याने शतक मोडून दशकात दहा आणले, एककाला त्यातला एक दशक दिला, पण दहाचे नऊ केले नाहीत. १४५ लिहिणाऱ्याने शतकातून थेट एककाला दहा दिले आणि मग दशकासाठी परत शतकाकडेच गेला. तिघांना ‘चूक’ हा एकच शेरा दिला तर तिघांचंही नुकसान.

चिठ्ठ्या तपासताना लाल पेन बाजूला ठेवा आणि उत्तरांप्रमाणे ढीग करा: ३६ चा एक, ३४ चा एक, १४ चा एक, २४ चा एक, आणि ‘कळत नाही’ असा एक. ७१ − ४५ च्या चिठ्ठ्यांवरची ३४, ३६, १६ आणि २६ ही उत्तरं याच क्रमाने या पहिल्या चार ढिगांत जातात. २३ चिठ्ठ्यांना पाव तास पुरतो. ‘कळत नाही’ ढिगातल्या मुलांना मधल्या सुट्टीआधी एकेक करून जवळ बोलवा आणि म्हणा, ‘हे कसं केलंस ते मला बोलून दाखव.’ मध्ये टोकू नका, हुं हुं करत ऐका. बरोबर उत्तराच्या ढिगातलीही दोन-तीन मुलं बोलवा. एक तर मग बोलावणं म्हणजे चुकलो असं मुलांना वाटत नाही. दुसरं म्हणजे ६२ रेघोट्या काढून ३८ खोडणारं मूलही २४ च लिहितं. उत्तर बरोबर आहे, पण दशक अजून हातात आलेला नाही. ४०३ ला ते अडणार, आणि ते आजच कळलेलं बरं.

३६ च्या ढिगाला काड्या लागतील. खराट्याच्या काड्या बोटभर कापून घ्या, तुराट्या चालतील, आइस्क्रीमच्या काड्या असतील तर उत्तमच. एका जोडीला दहा-दहाचे सात गठ्ठे आणि दहा सुट्या, म्हणजे ८० काड्या. सहा जोड्यांना ४८० काड्या आणि पन्नासेक रबर. ऐकायला पुष्कळ वाटतं, पण एका दुपारी मुलंच करतात, आणि गठ्ठे मुलांनीच बांधायला हवेत. ज्याने मोजून दहा बांधल्या त्याला गठ्ठ्यात दहा आहेत हे पटवावं लागत नाही. आयत्या नोटा किंवा रंगीत कार्डं आधी दिली तर दशक म्हणजे नुसता वेगळा रंग होऊन बसतो. दहाची नोट काही सोडून आत बघता येत नाही. नोटा काड्यांनंतर आणा. महिन्यातून एकदा गठ्ठे मोजायला लावा, कारण नऊ नाहीतर अकरा काड्यांचा एक गठ्ठा साऱ्या वर्गाचा हिशोब बिघडवतो.

पहिल्या दिवशी पाटी-पेन्सिल नको. जोडीतला एक दुकानदार, एक गिऱ्हाईक. दुकानदाराकडे सहा गठ्ठे आणि दोन सुट्या. गिऱ्हाईक म्हणतं, ‘मला अडतीस दे.’ दुकानदार तीन गठ्ठे झटकन देतो. आता आठ सुट्या हव्यात आणि जवळ दोनच आहेत. इथे मूल थांबतं, तुमच्याकडे बघतं. या क्षणी तुम्ही काहीच बोलायचं नाही. थोड्या वेळाने कुणीतरी गठ्ठ्याचा रबर काढतंच. एकाने काढला की बाकीच्यांनाही सुचतं. मग बारा सुट्यांतून आठ दिल्या, उरले दोन गठ्ठे आणि चार सुट्या. मोठ्यातून लहान काढायची चूक काड्यांवर होऊच शकत नाही, कारण गिऱ्हाइकाने मागितलेल्या आठांतून दुकानदाराचे दोन वजा करायला जागाच नसते. काड्यांचा खरा उपयोग हाच.

यात दोन गोष्टी बिघडतात. काही मुलं सगळे गठ्ठे सोडून ६२ काड्यांचा ढीग करतात आणि एकेक मोजत बसतात. त्यांना अट घाला: रबर एकदाच काढायचा. आणि वेळ कमी म्हणून बाईच पुढे उभ्या राहून काड्या दाखवतात, मुलं बघतात. त्याचा उपयोग फळ्याहून फारसा जास्त होत नाही.

दुसऱ्या दिवशी एकाने काड्या हलवायच्या, दुसऱ्याने त्याच वेळी पाटीवर लिहायचं. रबर निघाला की लगेच ६ वर काट मारून ५. सुट्या एकत्र झाल्या की २ वर काट मारून १२. काड्यांच्या खेळात गठ्ठे आधी दिले गेले होते, लिहिताना मात्र सुटे आधी. कारण सांगा: दशक आधी लिहिला आणि नंतर मोडावा लागला तर लिहिलेलं खोडावं लागतं. ३४ च्या ढिगातल्या मुलांना या दुसऱ्या दिवसापासूनच घ्या, पहिला दिवस त्यांना नको. त्यांच्यातली काही दोनाच्या शेजारी एक लिहून बारा करतात, पण ती सवयीची खूण असते. अशा वेळी त्या एकावर बोट ठेवून विचारा, ‘हा कुठून आला?’ सहाकडे बोट गेलं की पुढचं ते आपोआप करतं.

तिसऱ्या दिवशी काड्यांऐवजी चित्र: उभी रेघ म्हणजे दशक, टिंब म्हणजे एकक. चौथ्या दिवशी नुसते आकडे, पण प्रत्येक उत्तराचा ताळा मुलानेच करायचा. २४ मध्ये ३८ मिळवले की ६२ परत यायला हवेत. ३६ वाल्याला ३६ आणि ३८ ची बेरीज ७४ येते, आणि आपलं चुकलंय हे त्याला त्याच्याच हाताने कळतं. ही सवय लागली की तुमच्या तपासणीचं ओझंही हलकं होतं. १४ चा ढीग दोन-तीन मुलांचा असेल, त्यांना चौथ्या दिवशी सोबत घेतलंत तरी चालेल.

शाब्दिक उदाहरणाबद्दल थोडं. ‘बाई, बेरीज करू की वजाबाकी?’ हा प्रश्न तुमच्या वर्गात रोज येत असेल. तो येतो कारण ‘जास्त’ म्हणजे बेरीज, ‘उरले’ म्हणजे वजाबाकी अशी यादी मुलांनी पाठ केलेली असते. म्हणून चिठ्ठीत असं उदाहरण द्या: ‘रेणूकडे ६२ चिंचोके आहेत. ते बाळूच्या चिंचोक्यांपेक्षा ३८ ने जास्त आहेत. बाळूकडे किती?’ इथे १०० लिहिणाऱ्याला वजाबाकी येत नाही असं समजू नका, त्याने गोष्ट वाचलीच नाही. त्याला आकडे झाकून विचारा, कुणाकडे जास्त, कुणाकडे कमी? मग बाळूचे साठाहून जास्त असतील की कमी? एवढं ठरलं की बेरीज-वजाबाकी त्याची तो निवडतो.

उदाहरण तोंडी सांगणार असाल तर आणखी एक खाचखळगा आहे, आणि तो आपल्या मराठीचा. बासष्ट ऐकून काही मुलं २६ लिहितात. ऐकू आधी ‘बा’ येतं, म्हणजे दोन, मग साठ. अडतीस ऐकून ८३. एकोणसाठ ऐकून ६९, कारण ‘साठ’ स्पष्ट ऐकू येतो आणि ‘एकोण’ म्हणजे एक कमी हे कुणी उलगडून सांगितलेलं नसतं. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘साठ दोन’ असं वाचन दिलं तेव्हा राज्यभर मोठा वाद झाला. त्यात कुणाची बाजू घ्यायची ते राहू द्या, पण त्यामागची अडचण खरी आहे. म्हणून वजाबाकी येते की नाही हे ठरवण्याआधी दहा संख्या सांगा आणि पाटीवर लिहून घ्या. त्यात तीनतरी ‘एकोण’च्या असू द्या. जे मूल आकडाच उलटा लिहितं त्याला सांगताना ‘बासष्ट, साठ आणि दोन’ असं दोन्ही म्हणा.

पाटीवरून ‘समजलं का?’ कडे येऊ. या प्रश्नाला ‘हो’ शिवाय उत्तर मिळत नाही, कारण मुलांना तो प्रश्न वाटतच नाही, बाईंचं बोलणं संपल्याची ती खूण वाटते. त्याऐवजी तासात दोनदा पाट्या वर करून घ्या. एक छोटा प्रश्न, उत्तर एकाच आकड्यात येईल असा: ‘८३ − ४७ मध्ये सुटे किती उरतील?’ चाळीस सेकंद शांत राहा. या वेळात पाट्या छातीशी पालथ्या. ‘तीन’ म्हटलं की सगळ्या एकदम वर. ६ किती, ४ किती, नजर फिरवून मोजा. चारहून जास्त पाट्यांवर ४ दिसला तर पुढे जाऊ नका. हुशार मुलांना मोठ्याने उत्तर सांगायची घाई असते. ते सांगितलं गेलं तर प्रश्न वाया गेला असं समजा आणि दुसरा आकडा द्या.

दोन इयत्ता एकत्र असताना हे जमवायचं कसं? चाळीस मिनिटांच्या तासात पहिली पाच मिनिटं सगळ्यांची तोंडी गणितं. मग इयत्ता विसरा आणि ढिगांप्रमाणे बसवा. चौथीतला ३६ वाला आणि तिसरीतला ३६ वाला यांना एकच धडा लागणार आहे. पंधरा मिनिटं तुम्ही काड्यांच्या गटाजवळ, तोवर २४ चा गट एकमेकांना गणितं घालून ताळा करतो. पुढची दहा मिनिटं ३४ वाल्यांजवळ. शेवटची दहा सगळ्यांच्या पाट्या. हे गट महिनाभर पक्के ठेवू नका. दर शनिवारी चिठ्ठी, सोमवारी गट नवे. मुलगा महिनाभर एकाच घोळक्यात बसला की बाकीची मुलं त्याला नाव ठेवायला लागतात.

वह्या रोज २३ तपासू नका, रोज पाच तपासा, आठवड्यात सगळ्या होतात. पण त्या पाच वह्या त्या त्या मुलाला जवळ उभं करून तपासा. चूक दिसली की बरोबर उत्तर लिहून देऊ नका, जिथे घसरलं त्या अंकाखाली टिंब द्या आणि ‘इथून परत बघ’ म्हणा. पूर्ण गणितावर फुली मारली तर मूल खालच्या ओळीत तेच गणित शेजाऱ्याचं बघून उतरवतं.

वाचनाचं मोजमाप पाठ्यपुस्तकातल्या धड्यावर करू नका. खडाखडा म्हणणाऱ्याला मधल्या एका शब्दावर बोट ठेवून वाचायला सांगा, किंवा शेवटचं वाक्य आधी वाचायला सांगा, लगेच कळेल. साठ-सत्तर शब्दांचा, मुलांनी न पाहिलेला उतारा स्वतः लिहा, त्यांच्या गावातलाच विषय घ्या: बाजार, विहीर, शेरडं. एक प्रत मुलाकडे, एक तुमच्याकडे. मिनिट लावा, अडेल त्या शब्दाखाली रेघ मारा, मूल तीन-चार सेकंद थांबून राहिलं तर शब्द सांगा आणि पुढे जाऊ द्या. मग उताऱ्यावर तीन प्रश्न विचारा, त्यातला एक ‘का’ असलेला. केंद्र सरकारच्या निपुण भारत या पायाभूत वाचन-गणिताच्या अभियानाने तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द, समजून, असं उद्दिष्ट ठेवलं आहे. दुसरीसाठी ४५ ते ६०. तुमच्या मुलाचे ३० आले तरी घाबरू नका, आकड्यापेक्षा रेघ मारलेले शब्द कोणते ते पाहा. ‘पाणी’ला ‘पान’, ‘शेतकरी’ला ‘शेत’ वाचणारं मूल पहिलं अक्षर बघून पुढचा अंदाज बांधतं, त्याला शब्द तोडून वाचायला हवा. घ-ध, भ-म, थ-य यांत गोंधळणारं मूल वेगळं. ‘सूर्य’, ‘प्रकाश’, ‘राष्ट्र’ इथेच थबकणारं वेगळं, त्याला रफार आणि रकाराच्या शब्दांच्या पट्ट्या आठवडाभर रोज दहा मिनिटं पुरतात.

आणि एक काळजी घ्या. ‘आहे’ लिहिलेलं असताना मूल ‘हाय’ वाचत असेल, ‘पाणी’ला ‘पानी’ म्हणत असेल, तर ती वाचनाची चूक धरू नका. त्याने शब्द ओळखला, अर्थ लावला आणि आपल्या घरच्या बोलीत उच्चारला. खरं तर हे वाचन येत असल्याचं लक्षण आहे. वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या घरांतली कितीतरी मुलं या एका कारणाने ‘वाचनात कच्ची’ ठरवली जातात आणि मग वर्गात तोंडच उघडत नाहीत. प्रमाण उच्चार हळूहळू, तुमचं ऐकून येतात.

आता नोंदींचा प्रश्न. शिक्षण हक्क कायद्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, त्याचा आपल्याकडचा शासन निर्णय २० ऑगस्ट २०१० चा. त्यात तिसरी-चौथीला आकारिकचा भार ६० टक्के आणि संकलितचा ४० टक्के आहे. पहिली-दुसरीला तर ७० आणि ३०. म्हणजे मोठा वाटा तुमच्या रोजच्या पाहण्याचा आहे. आकारिकच्या साधनांत दैनंदिन निरीक्षण, तोंडीकाम, प्रात्यक्षिक, छोटी चाचणी, वर्गकार्य हे सगळं येतं. शनिवारची चिठ्ठी ही छोटी चाचणी. काड्यांवर ६२ मधून ३८ देणं हे प्रात्यक्षिक. ‘बोलून दाखव’ हे तोंडीकाम. पाच वह्या हे वर्गकार्य. वेगळं काही घ्यायची गरज नाही. जे केलं त्याची तारीख आणि मुलाने काय केलं एवढं लिहा.

संध्याकाळ जाते ती ‘गणिती क्रिया करताना गोंधळतो’, ‘प्रगती समाधानकारक’ असली वाक्यं २३ जणांसाठी फिरवून फिरवून लिहिण्यात. ही वाक्यं कुठल्याही मुलाला लागू पडतात, म्हणून कुणाच्याच कामाची नसतात. त्याऐवजी अशी नोंद करा: ‘६ डिसेंबर. ६२ − ३८ = ३६. मोठ्यातून लहान काढतो. ९ ला काड्यांवर जमलं. १३ ला लेखी बरोबर, ताळा केला. शून्य आलं की अडतो.’ चार ओळी, दोन मिनिटं. केंद्रप्रमुख आले तर ही वही आणि शनिवारच्या चिठ्ठ्या शेजारी ठेवा. पुढच्या वर्षी हे मूल दुसऱ्या शिक्षकाकडे गेलं तर पहिल्याच आठवड्यात त्यांना कुठून सुरू करायचं ते कळेल. रोज ज्या पाच मुलांच्या वह्या पाहिल्या त्यांच्याच नोंदी त्याच दिवशी, शाळा सुटण्याआधी लिहा. साठवून ठेवल्या की मग पुन्हा ‘समाधानकारक’ कडेच हात वळतो.

पुढच्या शनिवारांसाठी आकडे तयार असू द्या, ऐनवेळी सुचतील ते घेतले की पाचाचा फरक नकळत येतो. दर वेळी क्रम असा वाचा: बरोबर उत्तर, मोठ्यातून लहान काढल्याचं, दशक कमी करायचा राहिल्याचं, दोन रीती मिसळल्याचं. ७१ − ४५ साठी २६, ३४, ३६, १६. ८३ − ४७ साठी ३६, ४४, ४६, २६. ५४ − २६ साठी २८, ३२, ३८, १८. ९१ − ३४ साठी ५७, ६३, ६७, ४७. या चार ओळी चिठ्ठ्यांच्या डब्याच्या झाकणावर आतून चिकटवून ठेवा. तिसऱ्या शनिवारीही एखादं मूल मोठ्यातून लहान काढल्याचंच उत्तर देत असेल, तर त्याला परत काड्यांकडे न्या, पण या वेळी २३ − ८ सारखी लहान संख्या घेऊन: एका हातात दोन गठ्ठे, दुसऱ्यात तीन सुट्या, आणि गिऱ्हाईक तुम्ही.